पिंपातलं विरजण

४ सप्टेंबर

लेकीनं ही वही दिली ती पाण्याचं तापमान लिहायला. पण तापमान मिशाळ रोज फळ्यावर लिहितोच. तेव्हा वही माझी.

इथं येऊन तीन आठवडे झाले. गाई विकल्या, दह्याच्या दुकानाला कुलूप घातलं, आणि एक्केचाळीस वर्षं ज्यांना उसंत माहीत नव्हती ते दोन हात घेऊन लेकीच्या मत्स्यशेतीवर येऊन बसलो. जावई बोटीवर असतो, वर्षातून दोनदा तोंड दाखवतो. बाकी माणसं दोनच, लेक आणि मिशाळ. मिशाळ म्हणजे माशांना दाणे घालणारा गडी. पन्नाशीचा आहे. मिशा अशा, की दारातून आधी त्या आत येतात आणि मागून तो.

डोंगरातलं गार पाणी सहा लांबट हौदांतून वाहतं. त्यांत ट्राउट मासे. सगळ्यात वर, वेगळ्या झऱ्यावर, एक गोल टाकी आहे. तीत चाळीस माद्या आणि थोडे नर. मिशाळ त्या माद्यांना ‘आया’ म्हणतो. एका कडक उन्हाळ्यात पाणी तापून हौदच्या हौद मेले, तेव्हा जे मोजके तगले त्यांची पिल्लं, त्यांतून पुन्हा निवडलेली पिल्लं, असं करत आठ वर्षांत लेकीनं ही जात जमवली.

“बाबा, हौद रिकामे झाले तर पुन्हा भरता येतील. ही टाकी गेली तर मी संपले,” असं ती हसत म्हणाली. हसली ती फक्त तोंडानं.

७ सप्टेंबर

काम मिळालं! आणि तेही माझ्या हाताला ओळखीचं.

माशाच्या पोटात चांगले जीवाणू असतात म्हणे. ते आतड्यात जागा अडवून बसले की रोगाच्या जंतूंना टेकायलाही जागा उरत नाही. म्हणून त्यांची पुडी येते. पिंपात कोमट पाणी, उसाची मळी आणि ती पुडी घालून दोन दिवस झाकून ठेवायचं. मग ते पाणी दाण्यांवर शिंपडायचं, वरून चमचाभर तेलाचा हात, की झालं.

“म्हणजे विरजणच की,” मी म्हणालो.

“तसंच. पण एक लक्षात ठेवा. दर वेळी पिंप उकळत्या पाण्यानं धुवायचं आणि नवीन पुडी घालायची. उरलेलं फेकून द्यायचं. आणि आयांना हे अजून द्यायचं नाही. त्यांचं पुढच्या वर्षी बघू.”

“बरं बाई,” म्हणालो. एक्केचाळीस वर्षं दही लावणाऱ्याला लेक विरजण शिकवते. बरं वाटलं, गंमतही वाटली.

११ सप्टेंबर

आज पिंप धुवायचा दिवस. तळाशी वाडगाभर उरलं होतं, छान फेसाळलेलं. मोरीपर्यंत नेलं आणि हात अडला. जिवंत वस्तू अशी ओतून द्यायची? माझ्या दुकानातलं विरजण माझ्या आईच्या हातचं होतं. रोज वाटीभर मागे ठेवायचं, एवढाच त्याचा नियम. कधी पुडीतून आणलं नाही, कधी बिघडलं नाही.

पिंप धुतलं, अगदी सांगितल्यासारखं. पण वाडगा मागे ठेवला आणि त्याच्यावरच नवीन लावलं. पुडी माझ्या ट्रंकेत ठेवली.

२३ सप्टेंबर

चार वेळा लावलं, चारही वेळा लागलं. पुड्या ट्रंकेत साठतायत. हंगाम संपला की लेकीपुढं सगळ्या एकदम मांडीन आणि म्हणेन, बघ, तुझा म्हातारा अजून कामाचा आहे. तिचा चेहरा तेव्हा कसा होईल, तेच डोळ्यांपुढं आणत बसतो.

२ ऑक्टोबर

विरजण मंद पडलं. फेस नाही, वर साय धरावी तसा थर नाही. दह्याचंही असं होई. मग मी दुसऱ्या गोठ्यातलं वाटीभर आणून मूळ बदलत असे. इथं दुसरा गोठा कुठून आणू? ट्रंकेतली पुडी काढावी असं मनात आलं होतं. पण मग इतके दिवस केलं त्याला काय अर्थ?

४ ऑक्टोबर

रात्रभर विचार करून सकाळी उत्तर सापडलं, आणि इतकं सरळ, की स्वतःचंच हसू आलं. हे जीवाणू मुळात कुठले? निरोगी माशाच्या पोटातले. मग पुडी करणारे आणतात कुठून? माशाच्या पोटातूनच ना! मग घरचे मासे असताना लांबचं कशाला?

तिसऱ्या हौदात एक दांडगा नर आहे, चमकतो असा की आरसाच. आज गिऱ्हाइकासाठी मिशाळनं नेमका तोच काढला. तो साफ करत होता, तेव्हा मी वाडगा पुढं केला. “आतडी इकडं दे. मांजरीला.”

“आबा, इथं मांजर कुठाय?”

“वास लागला की येईल.”

“मांजर येवो न येवो, माशांच्या डॉक्टरीणबाई आल्या तर आतडी उघड्यावर ठेवली म्हणून माझी मिशी उपटतील. लवकर न्या.”

नेली. चांगली धुतली, चिरली आणि कापडात बांधून पिंपात सोडली.

६ ऑक्टोबर

काय तो फेस! झाकण उचललं तर वर आला. हे खरं घरचं विरजण.

१७ ऑक्टोबर

मासे दाण्यांवर तुटून पडतात. लेक म्हणाली, “बाबा, तुमच्या हाताला गुण आहे.” दोनदा म्हणाली. एकदा मिशाळच्या देखत.

मिशाळ मात्र आज पिंपाशी नाक घेऊन गेला आणि मागं सरला. “आबा, ह्याचा वास बदललाय. आधी आंबटगोड यायचा. आता मोरी तुंबल्यासारखा येतो.”

“तुझ्या मिशांचा येत असेल.”

तो हसला नाही. माझं नाक गेल्या वर्षीच्या तापात गेलं ते परत आलंच नाही. चहाचाही वास येत नाही. लेकीला सांगितलेलं नाही, उगाच दवाखान्याच्या फेऱ्या मागं लागतील. आणि विरजणाचं मला नाकानं कळत नाही, हातानं कळतं. बोट बुडवलं, चिकट तार आली. उत्तम आहे.

२८ ऑक्टोबर

दुसऱ्या हौदात सकाळी सात मासे उताणे. पोटाखाली लाल चट्टे, एकाचा डोळा बाहेर आलेला. लेकीनं त्यांना हातात घेऊन उलटंपालटं पाहिलं आणि बादलीत ठेवलं. दुपारी आणखी चार.

हवा पालटली आहे, दिवसा ऊन आणि पहाटे गारठा. गाईही अशात आजारी पडायच्या.

३० ऑक्टोबर

तिसऱ्या आणि चौथ्या हौदातही. आज साठ. मिशाळ जाळीनं काढतो, मी बादल्या वाहतो. लेकीच्या जबड्याचं हाड दिसायला लागलंय.

माशांची डॉक्टरीण आली. उंच, कमी बोलणारी बाई. मेलेले मासे चिरले, काचेच्या नळ्यांत काय काय घेतलं. मग माझ्याकडं वळून म्हणाली, “आजोबा, पिंप तुम्ही करता ना? दर वेळी नवीन पुडी?”

मी “हो” म्हणालो.

हे खोटं म्हणायचं का? पहिली पुडी पुडीच होती की, आणि मूळ तिचंच. बारकावे सांगत बसलो असतो तर तिचा वेळ गेला असता.

तिनं दाण्यांतून द्यायचं औषध सांगितलं. “हे चालू असेपर्यंत पिंपातलं बंद ठेवा. दोन्ही एकत्र देऊ नका.”

३१ ऑक्टोबर

मला पटलं नाही. औषधानं पोट पोखरतं. माणसालाही जुलाबाच्या गोळ्यांबरोबर दही देतात. आजारात चांगले जंतू काढून घ्यायचे, हे कुठलं शास्त्र?

दुपारी एकटाच वर गोल टाकीपाशी गेलो. आया शांत फिरत होत्या, पोटं भरायला लागलेली. दीड महिन्यात अंडी. खालचा रोग वर चढला तर? लेकीचं ते वाक्य आठवलं. ह्यांना कुणी काही दिलेलंच नाही, ह्यांची पोटं अगदी उघडी आहेत. माझ्याकडं पिंपभर औषध असून मी नुसता बघत बसू?

दाणे भिजवले. नेहमीच्या दुप्पट. आयांनी सगळे खाल्ले. माझा जीव भांड्यात पडला.

१ नोव्हेंबर

आयांना पुन्हा दिलं. लेकीला सांगितलं नाही. तिच्या डोक्याला आधीच ताप कमी नाही.

८ नोव्हेंबर

टाकीत एक आई तळाशी कलंडलेली.

९ नोव्हेंबर

नऊ.

१० नोव्हेंबर

हे लिहायला हात वळत नाही, पण लिहितो.

सकाळी लेक खाद्याच्या खोलीत गेली. कोपऱ्यातल्या दोन पोत्यांना खालून ओल आली होती, दाण्यांवर हिरवी बुरशी. पोती भिंतीपासून हातभर दूर ठेवायची हे मिशाळचं काम.

“हे खायला घातलंस तू? आयांना?”

“ताई, ती पोती मी उघडलेलीसुद्धा नाहीत. शिवण बघा.”

“शिवण काय बघू? टाकी बघ! बारा वर्षं तुला घरातला मानलं आणि तुला पोतं सरकवायचा कंटाळा?”

तो माझ्याकडं वळला. “आबा, तुम्ही तरी सांगा. त्या पिंपाचा वास...”

“पिंपाचं नाव काढू नकोस,” लेक ओरडली. “स्वतःचं खापर म्हाताऱ्या माणसाच्या डोक्यावर फोडतोस?”

मी तिथं हातभर अंतरावर उभा होतो. म्हणायला हवं होतं, की वास बदलल्याचं तो मला तीन आठवड्यांपूर्वी सांगून गेलाय. बुरशीही वाईटच असते, असं मनाशी म्हटलं.

मिशाळनं गळ्यातली किल्ली काढून खिळ्याला अडकवली आणि गेला. रबरी बूटही इथंच ठेवून, चपला न घालता.

११ नोव्हेंबर

सतरा आया उरल्या. डॉक्टरीण आली. ह्या वेळी तिनं पिंपातलंही नळीत घेतलं. मी झाकण उचलून दिलं.

१३ नोव्हेंबर

काही लिहिण्यासारखं नाही. बादल्या.

१५ नोव्हेंबर

डॉक्टरीण अहवाल घेऊन आली. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी आम्ही तिघं. तिनं कागद लेकीपुढं सरकवला.

“माशांच्या मूत्रपिंडात जो जंतू सापडला, तोच पिंपात आहे. थोडाथोडका नाही. तिथं तो पोसला गेलाय.”

“शक्यच नाही,” लेक म्हणाली. “नळ्यांची अदलाबदल झाली असेल. पिंप बाबा करतात. स्वतःच्या हातानं उकळतं पाणी ओततात, मी बघितलंय. तुम्ही पुन्हा तपासा. दाणे तपासा. माझ्या बाबांच्या पिंपात काही निघणार नाही.”

कागदावर तिचा हात होता. नखांत माशांचे खवले अडकलेले.

मी उठलो, ट्रंक उघडली. पुड्या आणून टेबलावर ठेवल्या. चौदा. एकही फोडलेली नाही. मग सगळं सांगितलं. वाडगा, आतडी, मांजर, आया. काही ठेवलं नाही.

लेक पुड्यांकडं बघत राहिली. मिशाळवर ओरडली होती तशी माझ्यावर ओरडली असती, तर मला बसायला जागा मिळाली असती.

डॉक्टरीणच बोलली. “तुमच्याच माशाच्या आतड्यातून एखादा चांगला जीवाणू वेगळा काढायचा, त्याची परीक्षा घ्यायची, मग वाढवायचा. आम्हीही तेच करतो, आजोबा. तुम्ही जागा बरोबर शोधलीत. पण निवडलं नाहीत. जे होतं ते सगळं वाढवलंत. तो दांडगा मासा रोग अंगात वागवत होता. स्वतः दांडगा, म्हणून त्याला बाधला नाही.”

“बाबा,” लेक शेवटी म्हणाली, “मला विचारलं असतंत, तर ते आतडं मीच ह्यांच्याकडं पाठवलं असतं.”

एवढंच. मग ती टाकीकडं गेली. मला म्हणाली, “तुम्ही वर येऊ नका.”

१८ नोव्हेंबर

सहाही हौद रिकामे करायचे ठरले. जगलेले मासेही मारायचे, कारण तेही रोग बाळगणार. खड्डा, चुना. जाळी ओढायला माणूस नव्हता, म्हणून लेकीनं मला हाक मारली. दिवसभर ओढली. जिवंत मासा चुन्यात पडला की कसा आवाज येतो ते लिहिणार नाही.

२० नोव्हेंबर

मिशाळ लाकडाच्या वखारीत कामाला लागलाय. चालत गेलो. चार-पाच जण फळ्या रचत होते. मला बघून त्यानं पाठ फिरवली.

“चूक माझी होती,” मी हळूच म्हणालो.

“मला काय सांगता? इथं मला सगळे ‘मासेमाऱ्या’ म्हणतात. बारा वर्षं पोसले ते गेलं कुठं? ह्यांना सांगा.”

मग मी मोठ्यानं सांगितलं. फळ्या खाली ठेवून सगळे ऐकत होते. कुणीतरी हसलं. मिशाळ नाही हसला.

“परत येतोस का?”

“कशावर येऊ आबा? दाणे कुणाला घालू?” फळीचं एक टोक धरून तो थांबला. “आया किती राहिल्या?”

“तीन.”

त्यानं मान खाली घातली आणि फळी उचलली.

६ डिसेंबर

तीन आयांना लेकीनं शेडमधल्या वेगळ्या टाकीत ठेवलंय, डॉक्टरिणीच्या देखरेखीखाली. मी अंगणापलीकडं जात नाही. आज शेडच्या दारातून हाक आली. “बाबा, कोपरापर्यंत हात धुवा. औषधाच्या पाण्यात दोनदा. मग या.”

अंडी काढायला दोन माणसं लागतात. एकानं डोकं आणि शेपूट धरायचं, दुसऱ्यानं पोटावरून अंगठा खाली आणायचा. मी धरलं. गाईची धार काढताना हात जसा ठेवायचो तसा ठेवला, आवळला नाही. पहिलीची अंडी पातळ, दुधाळ. वाया गेलेली. दुसरीचीही तशीच. तिसरीची आली ती केशरी, मण्यांसारखी, सुटी सुटी. कढईच्या आकाराच्या भांड्यात टप टप पडत होती. लेकीचा श्वास मला ऐकू येत होता. मग उरलेल्या एकुलत्या नराचं रेत तिनं त्यांवर पिळलं.

तिसरी आई पाण्यात परत सोडली, ती संध्याकाळी गेली.

९ डिसेंबर

अंडी वाहत्या पाण्याच्या तबकांत आहेत. मेलेलं अंडं पांढरं होतं, आणि ते काढलं नाही तर बुरशी बाजूच्यांना धरते. लेक एका बाजूला, मी दुसऱ्या, हातात चिमटे. माझं नाक गेलं असलं तरी डोळे अजून चांगले आहेत. आज आठशेच्या वर पांढरी काढली. लेकीनं मध्येच विचारलं, “तुम्हाला वास येत नाही, हे कधीपासून?” सांगितलं. तिनं मान हलवली आणि पुढचं अंडं उचललं.

२७ डिसेंबर

त्रेसष्ट अंड्यांत डोळे दिसले. दोन काळे ठिपके, एवढेच. बाकीच्या दोन आया आणि तो नरही गेले. आठ वर्षांतलं एवढंच उरलं.

ती इथं वाढवता येणार नाहीत. ही जागा पुढच्या उन्हाळ्यापर्यंत कोरडी ठेवायचीय. डॉक्टरिणीच्या केंद्रात न्यायची ठरली. ओल्या कापडात गुंडाळून, बर्फाच्या डब्यात, वर चिकटपट्टी. रस्ता तीन तासांचा आणि खडबडीत, त्यामुळं डबा कुणाच्या तरी मांडीवर हवा. लेक दारात येऊन उभी राहिली. इकडं तिकडं पाहिलं. दुसरं कुणीच नव्हतं.

“चला बाबा. डबा हलवायचा नाही. उघडायचा नाही.”

वाटेत एका वळणावर डबा फार गार लागला. बर्फ जास्त तर झाला नसेल? अंडी गोठली तर? चिकटपट्टीचं टोक सोडवावं, कापड जरा वर सरकवावं, बोट लावून बघावं, दोन क्षणांचं काम. पुढं एकदा वाटलं, आत पाणी हिंदकळतंय. त्यानंतर वाटलं, काहीच आवाज येत नाही. तिन्ही वेळा हात डब्याखालीच ठेवले.

पोचल्यावर लेकीनं दार उघडलं, खाली वाकली आणि आधी चिकटपट्टी बघितली. चारही बाजूंनी, अंगठा फिरवून. मग माझ्याकडं बघितलं. मग डबा उचलून आत गेली.

मी गाडीतच आहे. मांड्या अजून बधिर आहेत.